पट्टी ताणली, आकडा हलला, पण कशामुळे? ग्राफीन-पॉलिमर कंपोझिटचा पहिला सेन्सर गोव्यात बनवताना

ग्राफीन, म्हणजे कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, मिसळलेल्या सिलिकोन रबराची पट्टी मल्टीमीटरला जोडून बोटांनी ताणली की रोध वाढतो. एवढं बघायला एक दुपार पुरते आणि बरीच प्रोजेक्टं इथेच "सेन्सर तयार झाला" म्हणून थांबतात. मात्र तीच पट्टी पंखा लावला तरी हलते, पावसाची सर आली तरी हलते, क्लिप जराशी सरकली तरी हलते. या कंपोझिटला सगळंच जाणवतं, आणि खरी अडचण तीच आहे. म्हणून संवेदनशीलता कशी वाढवायची हे इथे थोडक्यात येईल. आकडा नेमका कशामुळे हलला हे कसं वेगळं काढायचं, त्यावर जास्त बोलू. गोव्यात फर्मागुडी, ताळगाव पठार, कुंकळ्ळी किंवा झुआरीनगरला शिकणाऱ्या आणि शेवटच्या वर्षाचं किंवा एम.एस्सी.चं प्रोजेक्ट नुकतंच हाती घेतलेल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे.

आत काय चालतं ते आधी

पॉलिमर वीज वाहून नेत नाही, ग्राफीन उत्तम नेतं. दोन्ही मिसळले की वाहकता हळूहळू वाढत जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. पावसाळ्यात व्हाळ ओलांडायला टाकलेले दगड आठवा. चार-पाच दगड टाकून काहीच साधत नाही. आणखी टाकत गेलं की एका क्षणी या काठापासून त्या काठापर्यंत वाट जुळते. दगडांनी एकमेकांना चिकटायलाही नको, मधलं अंतर एका ढांगेत मावलं की झालं. ग्राफीनच्या पापुद्र्यांचंही तसंच आहे. ठरावीक प्रमाण ओलांडलं की वाहकता एकदम कितीतरी पटींनी उसळते. या प्रमाणाला परकोलेशनचा उंबरठा म्हणतात. इथली ढांग मात्र जेमतेम काही नॅनोमीटरची असते. शेजारच्या दोन पापुद्र्यांमधला पॉलिमरचा पातळ थर इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे अडथळ्यातून आरपार निसटून, पार करतो आणि फट वाढली की ती शक्यता घातांकी वेगाने घटते. पट्टी ताणल्यावर रोध वाढतो तो मुख्यतः यामुळेच.

यातून कामाची गोष्ट अशी निघते: उंबरठ्याच्या जेमतेम वर असलेल्या मिश्रणात वाटा मोजक्याच असतात, त्यामुळे ते सर्वांत संवेदनशील असतं, पण सर्वांत अस्थिरही तेच. उंबरठ्याच्या बरंच वर गेलं की वाटा भरपूर होतात, आकडा शांत राहतो आणि संवेदन मंदावतं. "सर्वांत चांगलं प्रमाण कोणतं" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं. नाडी मोजायची आहे की गुडघ्याची हालचाल, ते आधी सांगावं लागतं.

पायरी १: डबीत खरोखर काय आहे ते बघा

आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी २००४ साली मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकेक पापुद्रा सोलत वेगळं केलं ते ग्राफीन एका अणूच्या जाडीचं होतं. त्या कामाला २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्ही मागवता ती काळी भुकटी बहुधा ती नसते. बाजारात "ग्राफीन" म्हणून येतात ते बहुतेक नॅनोप्लेटलेट्स, म्हणजे अनेक थरांचे, काही नॅनोमीटर जाडीचे आणि काही मायक्रॉन रुंदीचे तुकडे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या व्याख्येप्रमाणे दहापेक्षा जास्त थर असतील तर त्याला मोजक्या थरांचं ग्राफीनही म्हणता येत नाही. २०१८ साली जगभरातल्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले गेले तेव्हा बहुतेकांमध्ये खरं ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं. त्यामुळे विक्रेत्याकडून तपशीलपत्र मागवा आणि त्यात जाडी, रुंदी आणि ऑक्सिजनचं प्रमाण शोधा. हे तीन आकडे नसतील तर भुकटी घेऊ नये, असं माझं मत आहे.

ग्राफीन ऑक्साइड वेगळं. ते तपकिरी असतं, पाण्यात छान पसरतं, पण वीज जवळजवळ वाहत नाही. त्याचं क्षपण केलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढला, की काळं, वाहक असं क्षपित ग्राफीन ऑक्साइड मिळतं. तरीही थोडा ऑक्सिजन त्यात उरतो आणि दमट हवेत तोच त्रास देतो. स्वतः हमर्स पद्धतीने ऑक्साइड बनवायचा मोह नवशिक्यांनी टाळावा. सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र आल्यावर होणारी उष्णता हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. पहिल्या प्रोजेक्टला तयार माल पुरे.

रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा आलेख, मिळाला तर सोन्याहून पिवळं. प्रति सेंटिमीटर या एककात १५८० च्या आसपासचा जी पट्टा, १३५० जवळचा डी पट्टा आणि २७०० जवळचा टूडी पट्टा यांवरून थर आणि दोष यांचा अंदाज येतो. आपल्या विभागात यंत्र नसेल तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कुठल्या संस्थेत काय उपलब्ध आहे ते शोधून वेळ घेता येते.

पायरी २: पॉलिमर निवडा आणि वजनाचं आकारमान करा

ताणायचा सेन्सर असेल तर पीडीएमएस, म्हणजे सिलिकोन रबर, सर्वांत सोपं. सिलगार्ड १८४ मध्ये मूळ द्रव आणि हार्डनर १० ला १ या वजनाने मिसळतात. १०० अंश सेल्सिअसला ते सुमारे ३५ मिनिटांत घट्ट होतं. पीव्हीए हे पॉलिमर पाण्यात विरघळतं म्हणून सोयीचं वाटतं, पण ते पाणी शोषतंही. ओलाव्याचा सेन्सर करायचा असेल तरच घ्या. इपॉक्सी ताठ असते, तडे किंवा लहान स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत लांबीतला बदल) ओळखायला ती ठीक.

पीडीएमएसबाबत एक सूचना वाया जाणारा आठवडा वाचवेल. त्यातला प्लॅटिनम उत्प्रेरक गंधक आणि अमाइन यांनी निकामी होतो. लॅटेक्सचे हातमोजे घालून काम केलं किंवा आम्ल नीट न धुतलेलं क्षपित ऑक्साइड वापरलं की पट्टी चिकटच राहते. हातमोजे नायट्राइलचे घ्या.

प्रमाण आपण वजनाने घेतो, पण वाट जुळते ती आकारमानावर. ग्राफीनची घनता सुमारे २.२ आणि पीडीएमएसची सुमारे १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर वजनाने १ टक्का म्हणजे आकारमानाने फक्त ०.४६ टक्का. तेच १ टक्का वजन १.७८ घनतेच्या पीव्हीडीएफ या पॉलिमरमध्ये सुमारे ०.८ टक्का आकारमान होतं. दोन शोधनिबंधांतले उंबरठे शेजारी ठेवण्याआधी हे गणित करा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

पायरी ३: मिसळणं

भुकटी क्लोरोफॉर्म किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून अल्ट्रासोनिक बाथमध्ये पसरवा, मग पीडीएमएसचा मूळ द्रव घाला, ढवळत ढवळत द्रावक उडवून टाका आणि हार्डनर सर्वांत शेवटी. द्रावक पूर्ण गेला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. भांड्याचं वजन आधी टिपून ठेवा. हिशोबाने यायला हवं तेवढ्यावर ते उतरलं की मगच पुढे जा. त्यानंतर निर्वात कक्षात हवेचे बुडबुडे काढा. ग्राफीन वाढलं की मिश्रण पिठल्यासारखं घट्ट होतं आणि बुडबुडे निघायला वेळ लागतो.

प्रोब सोनिकेटर, म्हणजे द्रवात बुडवायची अल्ट्रासोनिक कांडी, जास्त वेळ चालवू नका. गुठळ्या फुटतात तसे पापुद्रेही तुटतात. रुंदी-जाडीचं गुणोत्तर घसरतं आणि उंबरठा वर सरकतो. भांडं बर्फात ठेवून थोडा थोडा वेळ, थांबत थांबत चालवलेलं बरं. कोरडी भुकटी धुरांड्याखालीच उघडा, मास्क लावा. ती फुफ्फुसात जाऊ नये हे एक कारण. शिवाय ती वाहक असल्यामुळे उघड्या सर्किटवर बसली तर यंत्र गेलंच म्हणून समजा.

गोव्यातल्या पावसाळ्याची एक खास गोष्ट इथेच सांगतो. क्लोरोफॉर्मसारखा द्रावक भराभर उडतो तेव्हा फिल्मचा पृष्ठभाग थंड पडतो आणि जुलैच्या हवेतलं पाणी त्यावर सूक्ष्म थेंबांनी साचतं. थेंब सुकले की मागे छिद्रं राहतात. पॉलिस्टायरीनसारख्या फिल्मवर ती पांढुरकी झाक देतात, काळ्या कंपोझिटमध्ये तर दिसतही नाहीत. नुसता रोध वाढलेला सापडतो आणि आपण दोष मिसळण्याला देतो. पावसाळ्यात फिल्म ओतायची ती सिलिका जेल ठेवलेल्या बंद पेटीत किंवा कोमट ओव्हनमध्ये, उघड्या टेबलावर नको.

पहिल्या फेरीला वजनाने ०, ०.५, १, २, ३, ४, ६ आणि ८ टक्के असे नमुने करा. शून्याचा नमुना वगळायचा नाही. तो नसेल तर बाकीच्यांना तुलनाच उरत नाही.

पायरी ४: तारा जोडणं, म्हणजे निम्मं काम

पट्टी तयार झाली की बहुतेक जण मगरक्लिपा लावून आकडा घेतात. पण घट्ट झालेल्या पट्टीच्या पृष्ठभागावर नुसत्या पॉलिमरची बारीक साय असते आणि क्लिप तिच्यावर टेकलेली असते. मग क्लिप दाबली की रोध कमी, सोडली की जास्त. मिश्रण घट्ट होण्याआधीच तांब्याची जाळी किंवा पट्टी टोकांना बुडवून ठेवणं हा चांगला उपाय आहे. ते जमलं नाही तर पृष्ठभाग बारीक सँडपेपरने हलका घासून चांदीची पेस्ट लावा.

जोडणी कितपत खरी आहे हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. एकाच पट्टीवर १०, २०, ३० आणि ४० मिलिमीटर अंतरांवर रोध मोजा आणि आलेख काढा. रेषा सरळ यायला हवी. ती शून्य लांबीवर उभ्या अक्षाला जिथे छेदते तेवढा रोध जोडणीचा. तो एकूण रोधाच्या मोठ्या वाट्याइतका असेल तर पुढचा सगळा सेन्सर जोडणीचाच होईल. चार टोकांनी मोजणं उत्तमच, पण साध्या मल्टीमीटरचा व्होल्टेज मोजतानाचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो. पट्टी स्वतःच काही मेगाओहमची असेल तर मीटरच वाटेला फाटा फोडतो.

आता आकडा. समजा इलेक्ट्रोडमधलं अंतर ४० मिलिमीटर, रुंदी १०, जाडी १ आणि रोध २०० किलोओहम आला. रोध गुणिले छेदाचं क्षेत्रफळ भागिले लांबी, म्हणजे रोधकता ५० ओहम-मीटर आणि वाहकता ०.०२ सीमेन्स प्रति मीटर. लोकांना कळवायची ती वाहकता. रोध हा फक्त तुमच्या पट्टीचा आकडा. विद्युतधारा आणि व्होल्टेज यांचा आलेखही दोन्ही दिशांनी एकदा काढा. तो वाकला तर टनेलिंग किंवा जोडणीचा प्रश्न आहे, आणि कमी व्होल्टेजवर मोजणं शहाणपणाचं. १०० किलोओहमच्या पट्टीवर ५ व्होल्ट लावले तर उष्णता पाव मिलिवॉट, म्हणजे नगण्य. १०० ओहमच्या पट्टीवर तीच पाव वॉट होते आणि पट्टी स्वतःला तापवत बसते.

पायरी ५: उंबरठा शोधणं

वाहकतेचा लघुगणक आणि आकारमानी प्रमाण यांचा आलेख काढला की उडी कुठे आहे ते दिसतं. त्या उडीच्या आसपास आणखी तीन-चार नमुने करा. मग वाहकता ही प्रमाण आणि उंबरठा यांच्या फरकाच्या एका घाताच्या प्रमाणात वाढते हे सूत्र बसवा. तीन मितींत तो घातांक २ च्या आसपास येणं अपेक्षित असतं, पातळ फिल्ममध्ये १.३ कडे झुकतो. चार बिंदू आणि तीन अज्ञातं घेऊन "घातांक २.०३" असं लिहिलेलं पाहिलं की मी पुढचं पान वाचत नाही.

रॉडनी रुऑफ यांच्या गटाने २००६ मध्ये पॉलिस्टायरीनमध्ये आकारमानाने ०.१ टक्क्याला उंबरठा गाठला होता आणि १ टक्क्याला सुमारे ०.१ सीमेन्स प्रति मीटर वाहकता मिळाली होती. तिथे पापुद्रे खरोखर एकेरी आणि रुंद होते. जाड प्लेटलेट्सचा तुमचा उंबरठा कित्येक टक्क्यांवर आला तर ते अपयश मानू नका, ती तुमच्या भुकटीची खरी ओळख आहे. उंबरठ्याच्या खालचे नमुने मल्टीमीटरला अनंत दिसतील. त्यांच्यासाठी धारिता मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर वारंवारता बदलत धारिता (कपॅसिटन्स) मोजा. उंबरठ्याजवळ डायइलेक्ट्रिक स्थिरांक वाढताना दिसेल.

पायरी ६: ताणून बघण्याआधी एक रात्र काहीही करू नका

पट्टी ताण न देता जोडून ठेवा, शेजारी डीएचटी२२ सारखा तापमान-आर्द्रतेचा छोटा सेन्सर ठेवा आणि रात्रभर नोंद होऊ द्या. लाइट जाण्याची सवय लक्षात घेऊन लॅपटॉपला आणि मीटरला यूपीएस द्या. सकाळी तीन रेषा एकमेकींवर ठेवल्या की तुमचा "स्ट्रेन सेन्सर" स्ट्रेनविना किती भटकतो ते कळतं. यापुढे त्या भटकण्यापेक्षा लहान बदल दिसला तर त्याला संकेत म्हणायचं नाही.

आर्डुइनो उनो वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्याचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, १० किलोओहमपर्यंतच्या स्रोतासाठी बनवलेला आहे. मेगाओहमची पट्टी व्होल्टेज विभाजकात थेट जोडली तर वाचन चुकतं. मधे ऑप-अँपचा बफर लागतोच. १०-बिटमुळे ५ व्होल्टचे १०२४ भाग, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची, बारीक बदल पाहायचे असतील तर १६-बिटचा एडीएस१११५ स्वस्तात मिळतो.

आता ताणा. रोधातला सापेक्ष बदल भागिले स्ट्रेन म्हणजे गेज फॅक्टर. धातूच्या नेहमीच्या स्ट्रेन गेजमध्ये तो २ च्या आसपास असतो. रबराची पट्टी लांब झाली की बारीकही होते, त्यामुळे केवळ आकार बदलल्यानेच १० टक्के ताणावर रोध १.२१ पट होतो. त्याच्या वर जे मिळतं ते ग्राफीनच्या जाळ्याचं देणं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या जोनाथन कोलमन यांच्या गटाने २०१६ मध्ये सिली पुटीत ग्राफीन मिसळून ५०० हून जास्त गेज फॅक्टर मिळवला होता. नाडीच काय, लहान कोळ्याची पावलंही त्यात उमटली. पण ती पुटी सैल, वाहती. तिचा मोठा आकडा आणि तिचं आकारात न टिकणं या एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत.

गेज फॅक्टर लिहिताना कुठल्या स्ट्रेनपर्यंतचा ते लिहा, कारण आलेख सरळ नसतो. पहिल्या काही फेऱ्यांत रबर मऊ होतं आणि जाळं नव्याने बसतं. त्या फेऱ्या सोडून दिल्याचं नोंदवा. ताण सोडताना रोध कमी होता होता मधेच थोडा वाढून पुन्हा उतरतो, हा दुहेरी शेंडा अनेक नमुन्यांत दिसतो. तुटलेल्या आणि नव्याने जुळणाऱ्या वाटांची ती शर्यत असते, यंत्राचा बिघाड समजून तो गाळू नका. पट्टी पकडीतून सरकते की काय हे कळायला तिच्यावर शाईच्या दोन रेघा मारून फोटो काढत जा. मोटर किती फिरली यापेक्षा रेघांमधलं अंतर जास्त विश्वासाचं.

पायरी ७: ऊन आणि ओल वेगळी काढणं

पीडीएमएस दर अंशाला लांबीच्या सुमारे ०.०३ टक्के फुगतं. एसी प्रयोगशाळेतून बाहेर व्हरांड्यात दहा अंशांचा फरक पडला तर ०.३ टक्के. गेज फॅक्टर २० असेल तर ढोबळ हिशोबाने रोधात ६ टक्के बदल, कोणी पट्टीला हातही न लावता. उलट तापमानाने इलेक्ट्रॉनांना उडी मारणं सोपं जातं, त्यामुळे रोध घटूही शकतो. तुमच्या नमुन्यात कोण जिंकतं हे मोजूनच कळतं.

ओलाव्याचीही अशीच दोन टोकं आहेत. पाणी शिरून पॉलिमर फुगलं की पापुद्रे दूर जातात आणि रोध वाढतो. ऑक्साइडवर पाण्याचा थर बसून प्रोटॉन वाहू लागले की रोध उतरतो. शिवाय बोटांच्या ठशातलं आणि समुद्रावरून येणारं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर स्वतः पाणी ओढून पट्टीच्या पृष्ठभागावर चोरवाट तयार करतं. दोना पावलासारख्या किनाऱ्यावर जास्त रोधाच्या नमुन्यांना हे नक्की भोवतं. मोजण्याआधी पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून वाळवा.

आर्द्रतेचं कॅलिब्रेशन घरच्या साधनांत होतं. हवाबंद बरणीत तळाला मिठाचा ओला लगदा, वर जाळीवर पट्टी. २५ अंशांना लिथियम क्लोराइडवर ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३, सोडियम क्लोराइडवर ७५ आणि पोटॅशियम सल्फेटवर ९७ टक्के आर्द्रता स्थिरावते. लगद्यात न विरघळलेलं मीठ दिसत राहायला हवं. सोडियम क्लोराइड प्रयोगशाळेच्या बाटलीतलंच घ्या. आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ सोलकढीला झकास, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि बरणीतली आर्द्रता ७५ च्या खाली जाते.

दोन्हींचा त्रास एकदम कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे जोडपट्टी. एकाच मिश्रणाच्या दोन पट्ट्या घ्या, एक ताणायची, दुसरी ताण न देता शेजारीच ठेवायची, आणि दोन्ही एकामागोमाग जोडून मधल्या बिंदूचं व्होल्टेज मोजायचं. तापमान आणि ओल दोघींना सारखीच भेटते म्हणून बरीचशी कटते, उरतो तो ताण. दुसरी पट्टी काचेवर चिकटवू नका. काच तिला फुगू देत नाही आणि तुलना बिघडते.

आपल्याकडच्या वेळापत्रकाचाही एक सापळा आहे. नमुने ऑगस्टमध्ये बनतात, ताणाचे प्रयोग चवथीची सुट्टी आणि परीक्षा उरकून जानेवारीत होतात, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात बसतात. मधे हवा पार बदललेली असते. जानेवारीत मोजताना पायरी ५ मधल्या निदान दोन नमुन्यांची वाहकता पुन्हा घ्या.

वायू, आणि मासळीचा मोह

हवेत ठेवलेलं ग्राफीन बहुधा पी-प्रकारचं वागतं, म्हणजे त्यात वीज इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा वाहून नेतात. नायट्रोजन डायऑक्साइड त्याच्यातून इलेक्ट्रॉन घेतो आणि रोध घटतो. अमोनिया देतो आणि रोध वाढतो. गोव्यात दरवर्षी कुणाच्या तरी डोक्यात बांगड्याच्या ताजेपणाचा सेन्सर येतोच, कारण मासळी शिळी होताना अमाइन सुटतात. कल्पना वाईट नाही. पण मालीम जेटीवरच्या बर्फाच्या पेटीत आर्द्रता शंभराच्या जवळ आणि तापमान शून्याच्या जवळ असतं, आणि तुमची पट्टी मासळीच्या आधी बर्फ ओळखेल. रिकाम्या बर्फाच्या पेटीत आकडा काय येतो हे आधी मोजा, मग ताज्या बांगड्यासह, मग त्याच बांगड्यासह दुसऱ्या दिवशी. तिन्हींत फरक ठळक असेल तरच पुढे जा.

नोंदवहीत प्रत्येक नमुन्यासमोर भुकटीचा बॅच, वजनी आणि आकारमानी प्रमाण, द्रावक, सोनिकेशनचा वेळ, पट्टीची मापं, जोडणीची पद्धत, ताणाचा वेग, तापमान आणि आर्द्रता हवी. उरलेला क्लोरोफॉर्म सिंकमध्ये ओतायचा नाही, हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या बाटलीत जातो. आणि खणात १ मेगाओहमचा १ टक्का अचूकतेचा एक साधा मेटल-फिल्म रेझिस्टर ठेवा. दर वेळी पट्टी जोडण्याआधी तो मोजा. त्याचा आकडा हलला असेल तर त्या दिवशी आधी मीटर आणि तारा तपासा.